बोचक्यांची वजावट

वॉर्सा,
मंगळवार, ४ मार्च २०२५

प्रिय बाबा,

मी बरी आहे. इथे अजून बर्फ आहे, पण रस्त्याच्या कडेचा, काळा पडलेला. तुमच्या गुडघ्याचं आईने सांगितलं. जिन्याने कमी चढउतार करा.

आता जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. ७ फेब्रुवारी २०२४, बुधवार. सकाळी ८.०५ ला टेहळणी विमानाला भूशिराच्या पलीकडे चार मैलांवर एक रबरी होडी दिसली. विमानाने कळवलेला अंदाज: तीस ते पस्तीस माणसं.

२. ८.३१ ला गस्तीनौका तिथे पोचली. नौकेवर चार जण होते: कप्तान इसिदोरोस मोनिओदिस, यांत्रिक झान्निस, एक खलाशी आणि संयुक्त सीमा-यंत्रणेच्या मुख्यालयातून आलेली एक निरीक्षक.

३. होडीची डावी बाजू हवा जाऊन बसली होती. काही माणसं पाण्यात होती.

४. ८.५२ ला शेवटचं माणूस नौकेवर घेतलं.

५. ८.५८ ला कप्तानाने शोध थांबवला आणि नौका बंदराकडे वळवली. नोंदवहीतली नोंद: "एकतीस. सर्व."

६. ९.४० ला धक्क्यावर एकतीस जणांची नावं लिहून घेतली.

७. या वर्षी ११ जानेवारीला जर्मनीतल्या कासेलहून मुख्यालयात एक पत्र आलं. त्यात तीन नावं होती. ही तिन्ही नावं धक्क्यावरच्या यादीत नाहीत.

८. चौकशी सोमवारी, १७ मार्चला खिओस बेटावर आहे. कप्तानाने आपल्या निवेदनाचा मसुदा आधीच पाठवला आहे. त्यातली दोन वाक्यं अशी: "मोजणी माझी होती. निरीक्षकाचा तिच्याशी काही संबंध नव्हता."

हा मसुदा मला दाखवायला नको होता. चौकशी कक्षाने तो माझ्याकडे एका आकड्याची खात्री करायला पाठवला, सोबत चिठ्ठी: हे तुमच्या पद्धतीत बसतं का, कळवा. त्यांच्यापैकी कोणी आडनावाकडे पाहिलं नाही. अक्षर मी पहिल्या ओळीतच ओळखलं. तुम्ही अजूनही सात आकड्याच्या पोटातून आडवी रेघ मारता.

त्या निवेदनावर सही झाली तर काय होईल तेही मी काढून ठेवलं आहे. तुमच्या निवृत्तीला अडीच महिने आहेत. कप्तान म्हणून निवृत्त व्हायचं की पद काढून घेतलेला माणूस म्हणून, हा एक प्रश्न. शोध अर्धवट सोडल्याचा खटला होतो की नाही, हा दुसरा. माझं मात्र काहीच बिघडणार नाही. निरीक्षकाचा काही संबंध नव्हता असं तुम्ही लिहिलं आहे.

चौथ्या आणि पाचव्या मुद्द्याच्या मध्ये सहा मिनिटं आहेत. ती तुम्हाला माहीत आहेत आणि मला माहीत आहेत. त्यांच्याकडे यायला मला वेळ लागेल.

काल शुद्ध सोमवार होता, ईस्टरच्या उपासांचा पहिला दिवस, म्हणून आईला फोन केला. तुम्ही बाहेर होता. ती म्हणाली, पतंग उडवायला सगळं गाव टेकडीवर गेलंय आणि तुझे बाबा धक्क्यावर. मी विचारलं, उपासाची पोळी, लागाना, कोणी आणली? "त्यांनीच. बेकरीत रांग लावून दोन आणल्या. मी म्हटलं, दोन माणसं, गुडघ्याएवढ्या दोन पोळ्या, कोण खाणार? तर म्हणे असू दे, कोणी आलं तर. कोण येणार? तू तर येत नाहीस."

मग तिने मी न विचारता सांगितलं की दर रविवारी चर्च सुटलं की तुम्ही छोटी होडी काढून भूशिराकडे जाता. जेवायच्या वेळेला परत येता. "आणि जाळं घरीच. एकदा विसरले, दोनदा विसरले. मी म्हटलं, मासे काय हाका मारून पकडणार आहात? तर म्हणतात वारा खायला जातो. गुडघा धड नाही आणि वारा खायला जातात."

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल," ती म्हणाली. "तुझी भेट होऊन झालं तेवढंच."

मी विषय बदलला. ऑलिव्ह किती निघाले वगैरे विचारलं.

माझं काम काय आहे हे तुम्ही मागच्याच्या मागच्या नाताळात विचारलं होतं. टेबलाशी मामाही होता, म्हणून मी नीट सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुझ्या त्या तक्त्यात मला किती मार्क?" मी म्हटलं, तुम्हाला नाही, नौकेला मिळतात. "मग नौकेलाच जेवायला वाढ," म्हणालात, आणि मामा इतका हसला की त्याला ठसका लागला.

आता सांगते. आमची यंत्रणा ग्रीससकट बऱ्याच देशांची मिळून आहे. त्या सगळ्या देशांतले लोक विचारतात, एवढी विमानं, एवढ्या नौका, यातून आम्हाला काय मिळतं? त्याचं उत्तर एका आकड्यात द्यायचं, हे माझं काम. समुद्रावर सांडलेलं तेल किती लवकर सापडलं, बंदीच्या काळात मासेमारी करणारे किती पकडले, वादळात इंजिन बंद पडलेल्या किती बोटी ओढून आणल्या, हे सगळं त्यात येतं. तेलाचं माप सोपं असतं. ते उपग्रहातून दिसतं आणि त्याचा काठ मोजता येतो. पण सगळ्यात जास्त वजन एका गोष्टीला आहे: धोक्यात सापडलेल्या शंभर माणसांपैकी आपण किती वाचवली. वाचलेली धक्क्यावर मोजतात, त्यात चूक होत नाही. धोक्यात किती होती, हे मात्र विमानातून घेतलेल्या चित्रांवरून मोजावं लागतं. तिथे माणूस म्हणजे एक ठिपका असतो.

मी आले तेव्हा दोन्ही आकडे जुळत नव्हते. ठिपके नेहमी जास्त, माणसं कमी. शंभरातले एकोणनव्वद, कधी नव्वद. आमचे विभागप्रमुख दुआर्ते पोर्तुगालचे आहेत, खूप हसतात. ते म्हणायचे, "ही दरी दर वेळी मंडळासमोर मलाच उडी मारून ओलांडावी लागते. आर्गिरो, एक पूल बांधून दे."

म्हणून मी समुद्रावर जाऊन मोजणी कशी होते ते पाहायचं ठरवलं. तुमची नौका मी मागून घेतली. अर्जात "नौकेवरील कोणाशी नातं" असा रकाना होता. मी दुआर्तेंना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "मी रकाने वाचत नाही, बेरीज वाचतो." मी तो रिकामा ठेवला. आमच्या खात्यात रिकाम्या रकान्याचा अर्थ "नाही" असा धरतात. तो नियमही मीच केलेला आहे.

परत आल्यावर तीन आठवड्यांत मी पूल बांधून दिला. त्याचं कागदोपत्री नाव "दूरमोजणीतील सामानाची वजावट" असं आहे. लांबून पाहताना बोचकी, पिशव्या, हवा भरलेल्या ट्यूबा माणसांच्या डोक्यांसारख्या दिसतात. म्हणून दर अकरा ठिपक्यांमागे एक ठिपका सामानाचा धरायचा आणि वगळायचा. पुराव्यादाखल मी एक प्रसंग जोडला होता: विमानाच्या चित्रांत चौतीस ठिपके, धक्क्यावर एकतीस माणसं, फरक तीन, कारण सामान. तारीख ७ फेब्रुवारी २०२४.

दुआर्ते खूश झाले. "तू वाचलेली वाढवली नाहीस," ते म्हणाले, "बुडणारी कमी केलीस. तेही इथे खुर्चीत बसून." विनोद होता. सगळे हसले, मीही हसले. आता ही वजावट यंत्रणेच्या प्रत्येक समुद्रावर वापरतात. ऑफिसमध्ये तिला मोनिओदी वजावट म्हणतात. खाली लिफ्टजवळ मोठं चित्र लावलं आहे, निळं पाणी आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत: शंभरातले नव्व्याण्णव.

तुमचं आडनाव आहे ते, बाबा. म्हणून सांगितलं.

आता कासेलच्या पत्राचं. लोकांची पत्रं माझ्या विभागात येतात, कारण लोकांचा विश्वास हेही आमच्या मापात धरतात. प्रत्येक पत्राला एक खूण द्यायची: आभार, तक्रार किंवा विचारणा. त्या माणसाचं नाव हाशिम. तो तिथे एका गोदामात काम करतो. त्याने वर्षभर सगळ्या छावण्यांत आणि इस्पितळांत शोधलं आणि मग आम्हाला लिहिलं. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं आहे की आता न बघता लिहू शकते.

"मी तक्रार करत नाही. मला फक्त तुमची मोजणी हवी आहे. तुम्ही मोजता असं तुमच्या संकेतस्थळावर लिहिलेलं आहे. माझी बहीण झरमीना, वय एकोणतीस. तिची मुलगी निलाब, वय नऊ. आमचा मामा करीमदाद, वय बासष्ट. होडीत होता त्या एकाने मला सांगितलं की हे तिघे मागच्या बाजूला बसले होते. मामाच्या डोक्यावर केशरी लोकरीची टोपी होती. बहिणीने ती मुद्दाम त्या रंगाची विणली होती, लांबून दिसावी म्हणून. ते तुमच्या मोजणीत आहेत का?"

मी त्यावर "विचारणा" अशी खूण केली. पुढचा रकाना "कार्यवाही" असा आहे. त्यात "आवश्यक नाही" लिहिलं. मग दुपारी जेवायला गेले. सूप घेतलं.

पत्र चौकशी कक्षाकडे गेलं ते माझ्यामुळे नाही. काइरे माझ्या शेजारी बसते, एस्टोनियाची आहे. ती माझ्या खुणा तपासते. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "हे विचारणा कसं? हा माणूस नावं देतोय." मी म्हटलं, शेवटी प्रश्नचिन्ह आहे. तिने पत्र पुन्हा वाचलं. "आर्गिरो, तू जेवतेस का नीट?" एवढंच म्हणाली, आणि पत्र वर पाठवलं.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. माझी मोजणी बिघडली आहे.

मला खोलीत शिरल्याबरोबर माणसं मोजायची सवय आहे. तुम्हाला माहीत आहे, लहानपणी मी चर्चमध्येही मोजायचे. गेल्या वर्षीच्या वसंतापासून आकडा चुकतो. बैठकीत मी चौदा मोजते आणि हजेरीच्या कागदावर अकरा सह्या असतात. ट्रामच्या डब्यात तेवीस मोजते, परत मोजते तेव्हा वीस. दर वेळी तीनच जास्त असतात. जास्तीचे कोण आहेत ते शोधायला गेलं तर कोणीच जास्तीचं नसतं, प्रत्येकाला आपापलं तोंड असतं. मला काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. ओलं कोणी नसतं. ते काही मागत नाहीत. फक्त मोजणीत येतात.

डोळे तपासून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत, झोप होते का? मी सांगितलं, सात तास. ते खरं आहे. मी झोपते, खाते, कामावर जाते.

मागच्या आठवड्यात मात्र इतरांसमोर झालं. लिफ्ट आली, दार उघडलं. आठ जणांची लिफ्ट आहे. आत काइरे आणि आणखी चार जण होते. मी म्हटलं, भरली आहे, मी पुढच्या वेळी येते. काइरेने दार हाताने धरलं. "पाच जण आहोत," ती म्हणाली. मी जिन्याने गेले. सहा मजले.

त्याच दिवशी मी दुसरं एक गणित केलं. वजावट लागू झाल्यापासून सगळ्या समुद्रांवर मिळून विमानांनी ५,२४७ ठिपके मोजले. त्यातले ४७७ माझ्या नियमाने सामान ठरले. त्यांत खरोखरीची बोचकी किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. बरीच असतील. सगळी नसतील.

आता ती सहा मिनिटं.

पहाटेपासून मला उलट्या होत होत्या. तुम्ही गालात हसत होता, झान्निसने लिंबू कापून दिलं होतं. "कप्तानाची पोर आणि पाण्याला भिते," तो म्हणाला, "मुख्यालयात टबात बसवून शिकवा म्हणावं हिला." होडी दिसल्यावर मी दुर्बिणीतून मोजलं. चौतीस. पुन्हा मोजलं. चौतीस. दोन्ही वेळा वेळेसकट वहीत लिहिलं. ती वही माझ्याकडे आहे. ती मी कोणाला दाखवलेली नाही.

मग माणसं वर घेतली. तो भाग मी लिहीत नाही. तुम्ही जे केलं ते मी पाहिलं. पाण्यातल्या त्या मुलाला तुम्ही कॉलर धरून ज्या तऱ्हेने उचललं, त्याला कुठल्याही मापात जागा नाही.

झान्निस चंदेरी पांघरुणं वाटत होता. पन्नास पांघरुणांचं नवं खोकं होतं. सगळे डेकवर दाटीवाटीने बसले होते, सगळे चंदेरी, कोण कुठे संपतं ते कळत नव्हतं. मी माणसं मोजली नाहीत. खोक्यात वाकून पाहिलं. एकोणीस उरली होती.

एक बाई झान्निसची बाही ओढत होती. तिची भाषा आपल्याला येत नव्हती. ती पाण्याकडे बोट दाखवत होती, मग त्याच्या तोंडासमोर तीन बोटं धरत होती. झान्निस तिला मऊ आवाजात म्हणाला, "बोचकी गेली का बाई? तीन? जाऊ देत. जीव राहिला ना. बोचकी पुन्हा होतील." तो तिला पांघरुणात गुंडाळत होता आणि ती बाहेर येत होती. त्याला खरंच तसं वाटलं. त्याचा काही दोष नाही, हे मी निवेदनात लिहिणार आहे.

मला तसं वाटलं नाही. माझ्या वहीत चौतीस होतं, खोक्यातून एकतीस निघत होतं, आणि ती तीन बोटं दाखवत होती. ही वजाबाकी दुसरीतल्या मुलालाही येते.

तुम्ही सुकाणूच्या खोलीतून डोकं बाहेर काढलंत. "आर्गिरो, मोजायचं काम तुझं. सगळे आले का?"

"एकतीस," मी म्हटलं.

"एकतीस म्हणजे सगळे?"

"सगळे."

"वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक फेरी मारू का?"

"गरज नाही."

"नक्की, पोरी?"

"नक्की."

तुम्ही खिशातली पेन्सिल काढून लिहिलंत.

तेव्हा मी असं का म्हटलं, यावर मी वर्षभर कारणं जमवली. लांबून केलेली मोजणी म्हणजे अंदाज, हाताने केलेली म्हणजे खात्री, असं आमच्या पुस्तकात लिहिलं आहे. त्या मुलाचे ओठ निळे होते, त्याला धक्क्यावर पोचवणं गरजेचं होतं. वारा वाढत होता. यातलं एकही कारण खोटं नाही. पण बाबा, मला थंडी वाजत होती, पोटात काही उरलं नव्हतं आणि मला घरी जायचं होतं. फेरी मारायला चाळीस मिनिटं लागली असती. मला ती नको होती. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं, पण नाही.

त्या चाळीस मिनिटांत ते सापडले असते का, हे मला माहीत नाही. पाणी चौदा अंशांचं होतं. त्यावरून किती वेळ मिळतो त्याचे तक्ते आमच्याकडे आहेत आणि मी ते पाहिले आहेत. मिळाला असता.

मुद्दा क्रमांक पाचनंतरचं एक राहिलं. ते कुठल्याच कागदावर नाही.

नौका वळली तेव्हा मी मागच्या कठड्याला धरून उभी होते. बऱ्याच लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाण्यावर काहीतरी केशरी दिसलं. लहानसं. लाटेबरोबर वर यायचं, खाली जायचं. तुम्ही खोलीच्या दाराशी आला होता. "काय बघतेस?" तुम्ही विचारलं.

"कोणाची तरी बोया आहे," मी म्हटलं.

तुम्ही तिकडे पाहिलंत. मी सेकंद मोजले. मी मुद्दाम मोजत नव्हते, ते आपोआप होतं. चार. मग तुम्ही आत गेलात आणि इंजिनाचा आवाज वाढला.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला भूशिराच्या पलीकडे नेलं होतं आणि सांगितलं होतं की इकडे हिवाळ्यात कोणी जाळं टाकत नाही, प्रवाह दोर कापतो. इकडे बोया दिसली तर ती वाहत आलेली असते आणि ती उचलून आणायची, कारण ती कोणाच्या तरी मेहनतीची असते. तुम्ही वाहत्या बोया नेहमी उचलून आणता. धक्क्यावरच्या भिंतीवर त्या टांगलेल्या असतात आणि ज्याची असेल तो येऊन घेऊन जातो. त्या दिवशी तुम्ही ती उचलायला गेला नाहीत.

यावर तुम्ही कधी काही बोलला नाहीत, आणि मीही ईस्टरला घरी आले नाही. फोनवर आपण हवामानाचं बोलतो.

मी काय करणार आहे ते सांगते. गुरुवारी, १३ मार्चला मी चौकशी कक्षात माझं निवेदन देणार आहे. त्यात असेल: वहीतले दोन्ही चौतीस, खोक्यातले एकोणीस, बाईची तीन बोटं, तुमचे चारही प्रश्न आणि माझी चारही उत्तरं. अर्जातला रिकामा रकाना. ते ४७७. वजावट मागे घ्यावी असं मी लिहिलं आहे. दुआर्ते मंडळासमोर काय करतील मला माहीत नाही. माझी नोकरी जाईल, हा अंदाज नाही, खात्री आहे. हाशिमला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आहे. ते तिघे माझ्या मोजणीत होते.

तुमच्या निवेदनावर सही करू नका. ते खोटं आहे. माझ्यासाठी केलं असलं तरी खोटं आहे, आणि मला ते नको आहे. मोजणी माझी होती.

मात्र माझ्या निवेदनात ते चार सेकंद अजून मी लिहिलेले नाहीत. मी म्हटलं ते तुम्ही खरं मानलंत, तर तुमचा दोष एवढाच की मुलीवर विश्वास ठेवलात, आणि मी तसंच लिहीन. तुम्ही खरं मानलं नसेल, तर तुम्हीही माझ्यासारखेच वर्षभर त्या पाण्यात आहात. मग दर रविवारी जाळं न घेता तुम्ही काय शोधायला जाता, हे मला कळेल. त्याबद्दल मी तुम्हाला काही बोलणार नाही. मला फक्त ते एकटीने ठरवायचं नाही. वर्षभर मी सगळं एकटीने ठरवत आले आणि त्याचं काय झालं ते वर लिहिलं आहे.

हे पत्र काइरेच्या हाती पाठवते आहे. तिला आतलं काही माहीत नाही. ती कामासाठी परवा, गुरुवारी, खिओसला उतरेल, शुक्रवारी सकाळच्या बोटीने तुमच्याकडे येईल. तिला कॉफी द्या, साखर घालू नका. पुढच्या बुधवारी सकाळी ती परत निघते.

फोन करू नका. फोनवर तुम्ही वारा कुठला आहे ते सांगाल. एका कागदावर लिहा, दोन ओळी पुरेत. ती बोया होती असं तुम्हाला वाटलं होतं का, एवढंच विचारते आहे. हो किंवा नाही.

उत्तर काइरेकडे द्या. मला ते बुधवार, १२ मार्चपर्यंत मिळालं पाहिजे.

तुमची मुलगी, आणि त्या दिवशीची निरीक्षक,
आर्गिरो